चार महिन्यांची मुदत

जालन्याचा माणूस कोर्टासाठी, दवाखान्यासाठी किंवा परीक्षेसाठी औरंगाबादला गेला की स्टेशनवरून गावात शिरताना त्याला पदमपुरा लागतो. पुढे करणपुरा आहे, त्यापलीकडे भावसिंगपुरा. जयसिंगपुरा आणि जसवंतपुरा हीही जुनी नावे. २०२३ साली शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले, पण रिक्षावाल्याला पुऱ्याचेच नाव सांगावे लागते. ही नावे कुणाची, असे विचारले तर बहुतेक जण राजपूत सरदारांची म्हणून सांगतील आणि ते बरोबरच आहे. करणसिंह बिकानेरचा राजा, पदमसिंह त्याचा मुलगा, भावसिंह हाडा बुंदीचा. हे लोक इथे मोगलांच्या नोकरीवर आले होते. करणसिंह १६६९ साली औरंगाबादेतच वारला. भावसिंह हाडाही इथेच गेला. पदमसिंह दख्खनच्या लढाईत पडला. मिर्झाराजा जयसिंग परतीच्या वाटेला लागला खरा, पण १६६७ साली बुऱ्हाणपूरला त्याचा अंत झाला. म्हणजे या शहराचे पुरे म्हणजे नोकरीवर आलेल्या आणि घरी परत न पोचलेल्या माणसांची एक हजेरीच आहे.

हे तर राजे होते. त्यांच्या नावाचा निदान पुरा तरी वसला. त्यांच्यामागून आलेले स्वार, बंदूकची, कारकून, साईस, भिश्ती, खेमे उभारणारे फर्राश यांची हजेरी कोणी ठेवली नाही. आणि त्या प्रत्येकाच्या मागे आग्रा, दिल्ली, लाहोर, बुंदी किंवा बुऱ्हाणपूरच्या एखाद्या गल्लीत एक घर होते. त्या घरातल्या बाईने हा काळ कसा काढला असेल, हा प्रश्न आमच्या इतिहासाच्या पुस्तकात कधी आला नाही. डी.एड., बी.एड.लाही आला नाही. लढाया आल्या, तह आले, सनावळ्या आल्या.

औरंगजेबाचे नाव निघाले की आपल्याकडे लगेच दोन रांगा लागतात. एका रांगेत त्याला शिव्या देणारे, दुसऱ्या रांगेत त्याची वकिली करणारे. मराठवाड्यातल्या मुसलमानाला तर लोक हात धरून दुसऱ्या रांगेत नेऊन उभे करतात, त्याची इच्छा असो वा नसो. मला दोन्ही रांगांचा कंटाळा आला आहे. मला या बादशहाला एकच प्रश्न विचारायचा आहे, आणि तो आपल्याच परंपरेतला आहे. जहाँपनाह, आपण आपल्या माणसांना घरी कधी सोडले?

१६८१ च्या सप्टेंबरात औरंगजेब अजमेरहून निघाला. नोव्हेंबरात बुऱ्हाणपूरला आला आणि १६८२ च्या मार्चमध्ये औरंगाबादेत दाखल झाला. त्यानंतर १७०७ साली अहमदनगरला म्हणजे आजच्या अहिल्यानगरला त्याने डोळे मिटले, तोवर तो दख्खनमधून हलला नाही. पंचवीस वर्षे होऊन गेली. विजापूर १६८६ ला पडले, गोवळकोंडा १६८७ ला. १६८९ साली संभाजीराजांना मारले. तिथे मोहीम संपायला हवी होती. सैन्यात बऱ्याच जणांना तसे वाटलेही असेल. पण मराठ्यांचा राज्यकारभार जिंजीला गेला, लढाई गावोगाव पसरली आणि छावणीचे दिवस वाढतच राहिले.

आपल्या जालन्याला या सगळ्याची झळ आधीपासूनच होती. औरंगाबाद सुभ्यातली ही सधन व्यापारी पेठ. १६७९ च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांच्या फौजेने ती लुटली, तेव्हा सावकारांनी जानुल्लाह शाह यांच्या आश्रयाला धाव घेतली होती, ही हकिकत आपल्याकडे लहानपणापासून सांगितली जाते. जालन्याहून पलीकडच्या सुभ्यात फौजा जात, येत. आपल्या गावांनी त्या काळी परदेशी शिपाई फार पाहिले. त्यांच्या घोड्यांनी खाल्लेल्या पिकाच्या तक्रारी आपल्या वाडवडिलांच्या, आणि त्यांच्या घरच्या आठवणी त्यांच्या स्वतःच्या. दोघांचे दुःख एकमेकांना कधी कळले असेल असे वाटत नाही.

या छावणीच्या आतले जग ज्याने आपल्याला दाखवले, तो ना सरदार होता ना मौलवी. भीमसेन सक्सेना नावाचा तो एक कायस्थ कारकून. १६४९ साली बुऱ्हाणपूरला जन्मला, लहानपणीच वडिलांच्या नोकरीमुळे औरंगाबादला आला आणि सारी हयात दख्खनमध्ये मोगलांच्या आणि त्यांच्या सरदारांच्या चाकरीत घालवली. पुढे तो दतियाच्या दलपतराव बुंदेल्याकडे होता. १७०७ साली जाजऊच्या लढाईत दलपतराव मारला गेला, तेव्हा भीमसेनने चाकरी आवरती घेतली. त्याचा ‘तारीख-ए-दिलकुशा’ हा फारसी ग्रंथ सेतुमाधवराव पगडींनी मराठीत आणला. पगडी निलंग्याचे, निजामाच्या मुलकी नोकरीतले, उर्दू-फारसीत मुरलेले. मराठवाड्याने त्यांचे आभार अजून पुरते मानलेले नाहीत, हे जाता जाता सांगतो.

भीमसेनचे मोठेपण असे की तो स्वतः फिरतीच्या नोकरीत पिचलेला होता आणि ते त्याने लपवले नाही. त्याच्या लिहिण्यात लढाईइतकेच चिखल, महागाई, थकलेला पगार आणि बायकापोरांची काळजी येते. तो म्हणतो त्याचा मतलब असा, की या छावणीत एक आख्खी पिढी तंबूत जन्मली, तंबूत वाढली, तंबूतच म्हातारी होऊन मेली आणि पक्के घर कसे दिसते हे तिला कळलेच नाही. ही त्या मुलांची गोष्ट झाली, ज्यांच्या आयांनी छावणीबरोबर फिरणे पत्करले. असे फिरणे सगळ्यांना परवडणारे नव्हते. बादशहाच्या जनान्यासाठी हत्ती होते, अंबाऱ्या होत्या, तरीही त्या वाटेवर काय होते हे आपण जाणतोच. मुमताज महल शहाजहानबरोबर दख्खनला आली आणि १६३१ साली चौदाव्या बाळंतपणात बुऱ्हाणपूरला गेली. बेगमेची ही स्थिती, तर पाच-सहा रुपयांच्या प्याद्याची बायको कुठल्या गाडीतून येणार? ती मागेच राहिली.

जदुनाथ सरकारांनी या काळाबद्दल एक गोष्ट नोंदवली आहे. घरच्या ओढीने कासावीस झालेल्या एका सरदाराने, मला दिल्लीला जाऊ द्या, मी एक लाख रुपये नजर करतो, असा अर्ज बादशहाला केला. बदलीसाठी लाख रुपये! आमच्या स्टाफरूममध्ये ही गोष्ट सांगितली तेव्हा सगळे हसले, पण ते हसणे जरा वेगळे होते. नवराबायको दोन जिल्ह्यांत नोकरीला, मूल आजीकडे, आणि आंतरजिल्हा बदलीच्या यादीकडे डोळे, असे संसार आमच्यात एक-दोन नाहीत. मालेगाव-जळगावकडचे कित्येक उर्दू शिक्षक शिक्षण सेवक म्हणून दूरच्या जिल्ह्यांत लागले आणि वर्षानुवर्षे तिथेच राहिले. सरकारी भाषेत याला ‘पती-पत्नी एकत्रीकरण’ म्हणतात. शब्द ऐकून दोन तुकडे डिंकाने चिकटवायचे असावेत असे वाटते. असो.

तर त्या सरदाराकडे लाख रुपये होते. शिपायाकडे काय होते? त्याच्याकडे थकलेला पगार होता. किल्ल्यांवरच्या शिबंदीचे पगार तीन-तीन वर्षे तुंबल्याच्या नोंदी आहेत. मनसबदारांना जहागिरी द्यायच्या, तर जमीन पुरत नव्हती. एक अनार, सौ बीमार, अशी गत. जहागीर कागदावर मिळायची आणि तिथला वसूल मराठे घेऊन जायचे. मनसबदाराला मिळाले नाही की त्याच्या स्वाराला मिळत नसे, आणि स्वाराला मिळाले नाही की सहाशे कोसांवरच्या घरी हुंडी जात नसे. परदेशी गेलेल्या माणसाची बायको एकाकी असते हे सगळे जाणतात. पण एकाकीपणाबरोबर वाण्याची उधारी असते, घरभाडे असते, मुलीच्या निकाहाची बोलणी असतात, सासू-सासऱ्यांचे दुखणे असते, आणि या सगळ्याचा निर्णय नवऱ्याच्या नावाने पण नवऱ्याशिवाय घ्यावा लागतो. खत पोचायला महिना-दीड महिना, उत्तर यायला तितकाच. तोवर वाणी थांबत नाही आणि ताप तर मुळीच थांबत नाही.

१६९५ पासून बादशहाची मुख्य छावणी भीमेच्या काठी, मंगळवेढ्याजवळच्या ब्रह्मपुरीला पडली. तिचे नाव इस्लामपुरी ठेवले. चार-साडेचार वर्षे एका जागी राहिल्यामुळे कित्येकांनी आपले कुटुंबकबिले तिथे आणले, बाजार बसले, घरेही उभी राहिली. आणि १६९९ च्या ऑक्टोबरात ऐंशी ओलांडलेल्या बादशहाने ठरवले की मराठ्यांचे किल्ले स्वतः जाऊन घ्यायचे. छावणीभोवती मातीची भिंत घातली, वजीर असदखानाला तिथे ठेवले, आणि फर्मान निघाले की बायकापोरे आणि जादा सामान इथेच राहील. ज्यांनी हजार मैलांवरून घर दख्खनला आणले होते, त्यांना ते दख्खनमध्येच पुन्हा सोडून जावे लागले.

मग वसंतगड, सातारा, परळी, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा असे सहा वर्षे चालले. यातले काही किल्ले लढून मिळाले, काही किल्लेदाराला पैसे मोजून. फौज पुढे सरकली की मागचे किल्ले मराठे परत घेत. पावसाळ्यात सह्याद्रीचे ओढे उतरताना जनावरे बुडत, माणसे बुडत. १७०० च्या पावसाळ्याअखेर माण नदीकाठी खवासपूरला रात्रीच्या वेळी पूर आला आणि छावणीत हाहाकार उडाला. त्या धांदलीत बादशहाच्या गुडघ्याला जी इजा झाली, तिने तो जन्मभर लंगडला. मनुची या इटालियन प्रवाशाने लिहिले आहे की या मोहिमेत दरवर्षी लाखभर माणसे आणि तीन लाख जनावरे मरत. मनुचीचे आकडे तोंडात बोट घालायला लावणारे असतात आणि ते जरा झाडूनच घ्यावे लागतात. पण निम्म्याहून निम्मे धरले, तरी वर्षाला पंचवीस हजार घरांत खबर जायची होती. आणि माझा अंदाज असा की त्यातल्या बहुतेक घरांत ती कधीच गेली नाही. प्याद्याच्या मरणाची खबर कोण पाठवतो?

इथे मला हजरत उमर (रजि.) यांची ती प्रसिद्ध रिवायत आठवते. मिंबरावरून ती आपण किती वेळा ऐकली असेल, पण इतिहासाच्या मापाने मोजून कधी पाहिली नाही. मदिन्यात रात्री गस्त घालताना एका घरातून त्यांना बाईचा आवाज ऐकू आला. रात्र लांबली आहे, जवळ माणूस नाही आणि खुदाचा खौफ नसता तर काय झाले असते, अशा आशयाचे शेर ती स्वतःशीच म्हणत होती. चौकशी केल्यावर कळले की तिचा शौहर फौजेत आहे आणि बरेच दिवस आलेला नाही. खलिफा तिथून उठून थेट आपल्या लेकीकडे, उम्मुल मोमिनीन हजरत हफ्सा (रजि.) यांच्याकडे गेले आणि त्यांनी विचारले, बाई नवऱ्याशिवाय किती दिवस सबर करू शकते? बापाने लेकीला विचारायचा हा प्रश्न नव्हे. त्यांनी लाजेने मान खाली घातली, आणि मग उत्तर दिले. काही रिवायतींत चार महिने आहेत, काहींत सहा. खलिफांनी सिपहसालारांना लिहून कळवले की विवाहित शिपायाला यापेक्षा जास्त काळ अडकवून ठेवू नये. एका रिवायतीत तर हिशेब फोड करून दिला आहे. एक महिना जायचा, चार महिने तिथे राहायचे, एक महिना परत यायचा.

या रिवायतीत मला तीन गोष्टी मोठ्या वाटतात. पहिली, खलिफांनी त्या बाईला सबर करण्याची नसीहत केली नाही. आपण असतो तर पहिल्यांदा तीच केली असती. दुसरी, त्यांनी स्वतःच्या अंदाजाने मुदत ठरवली नाही, बाईलाच विचारले. तिसरी आणि महत्त्वाची, त्यांनी हे दुःख त्या घराचे खाजगी दुःख मानले नाही. ज्याने माणसाला घरापासून लांब पाठवले, त्यानेच परत आणण्याची मुदत बांधून घ्यायची, असा त्याचा अर्थ होतो. कुरआनातही सूरह बकरामध्ये बायकोपासून दूर राहण्याची कसम खाणाऱ्याला चार महिन्यांचीच मुदत आहे. चार महिन्यांचा हा आकडा आपल्या दीनात पुन्हा पुन्हा येतो, तो उगाच नसावा.

दिल्लीहून औरंगाबादेत यायलाच फौजेला दोन-तीन महिने लागत, मग चार महिन्यांत परत कसे पाठवणार, असे कोणी म्हणेल. बरोबर आहे. पण त्यावर उपाय होता. तुकड्यांची पाळी लावता आली असती, वर्षा-दोन वर्षांनी रजा देता आली असती. मुदत चारची चोवीस महिने झाली असती तरी ती मुदत असती. इथे मुदतच नव्हती. आणि ज्या शत्रूशी लढाई होती, त्याच्याकडे मुदत होती. कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीला राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जी बखर लिहिली, तिच्यात शिवाजी महाराजांच्या फौजेचा कायदा दिला आहे. पावसाळ्याचे चार महिने फौज आपल्या मुलखातल्या छावणीत, दसऱ्याला कूच आणि आठ महिने बाहेर. प्रत्येक मावळा रोज घरी झोपायचा असे नाही. पण वर्षातून एकदा तो आपल्या भाषेच्या, आपल्या पावसाच्या मुलखात येणार, हे त्याच्या घरी ठाऊक असे. वाट पाहायला शेवट असला की वाट पाहता येते. मोगलांचे सैन्य संख्येने मोठे, तोफांनी मोठे, आणि तरी या डोंगरांत ते का विरघळले याची कारणे अभ्यासकांनी पुष्कळ दिली आहेत. जहागिरींचा तुटवडा, गनिमी कावा, रसद, सरदारांची आपसातली भांडणे. ती सगळी खरी. त्यांच्यात मी एक कारण आग्रहाने घालीन. ज्या फौजेला घरी जायची तारीख नाही, तिचा जीव लढाईत राहत नाही. भीमसेन वाचताना हे पानोपानी जाणवते.

एक गोष्ट मला फार टोचते. याच बादशहाने बुऱ्हाणपूरच्या शेख निजाम यांच्या देखरेखीखाली उलेमा बसवून ‘फतावा-ए-आलमगिरी’ तयार करून घेतला. हनफी फिकहचा केवढा मोठा ग्रंथ! त्या फिकहमध्ये ‘मफ्कूद’ म्हणजे बेपत्ता नवऱ्याचा मसला आहे. हनफी मताप्रमाणे अशा नवऱ्याच्या बायकोने त्याच्या वयाची माणसे हयात असेपर्यंत थांबायचे, आणि ते वय पुष्कळ फुकहांनी नव्वद वर्षे धरले. आता तोरण्याच्या दरीत पडलेल्या तीस वर्षांच्या स्वाराचा विचार करा. खबर नाही, जनाजा नाही, साक्षीदार नाही. आग्ऱ्यातली त्याची पंचवीस वर्षांची बीवी ना सुहागन ना बेवा. तिने आणखी साठ वर्षे थांबायचे. मालिकी मताप्रमाणे काजीकडे गेल्यावर चार वर्षांची मुदत होती, पण दिल्ली-आग्ऱ्याच्या काजीकडे हनफी मत चाले.

हा मसला सुटायला अडीचशे वर्षे जावी लागली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबात अशी वेळ आली की नवरा बेपत्ता झालेल्या किंवा नांदवत नसलेल्या काही बायका निकाह तुटावा म्हणून दीन सोडल्याचे जाहीर करू लागल्या. तेव्हा मौलाना अशरफ अली थानवींसारख्या पक्क्या हनफी आलिमाने ‘अल-हीलतुन नाजिजा’ हा ग्रंथ तयार केला आणि गरजेपोटी या बाबतीत मालिकी मत घ्यावे असे सांगितले. त्याच्या पाठोपाठ १९३९ चा मुस्लिम विवाह विच्छेद कायदा झाला. नवऱ्याचा चार वर्षे ठावठिकाणा नाही, दोन वर्षे खर्च दिला नाही, योग्य कारणाशिवाय तीन वर्षे वैवाहिक कर्तव्य पाळले नाही, तर बाई कोर्टात जाऊन निकाह सोडवून घेऊ शकते. हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते, आपल्याकडे तो नंतर आला. आमच्या आळीतल्या शिकलेल्या मुलींनाही या कायद्याचे नाव माहीत नसते, म्हणून इतके तपशिलात लिहिले. पण यातही पाहा, कायदा बेपत्ता नवऱ्याचा आहे, खर्च न देणाऱ्याचा आहे. जो बेपत्ता नाही, खर्चही पाठवतो, ज्याला बायकोपोरांची ओढही आहे आणि तरी नोकरी सोडत नाही म्हणून येऊ शकत नाही, त्याच्या घराविषयी कायदा गप्प आहे. त्या घराचा विचार झाला तो फक्त मदिन्याच्या त्या रात्री.

आता त्या बायका स्वतः काय म्हणत होत्या? इथे उर्दूचा शिक्षक म्हणून मला थोडे बोलता येईल. उत्तर हिंदुस्थानातल्या उर्दूची अगदी सुरुवातीची लांब नज्म म्हणून आपण जी शिकवतो, ती मुहम्मद अफजल यांची ‘बिकट कहानी’. अफजल १६२५ साली वारले. ती बारहमासा आहे. परदेशी गेलेल्या सोबत्याच्या जुदाईत एक बाई सावनापासून एकेक महिना कसा काढते ते सांगते. म्हणजे आपल्या भाषेने तोंड उघडले तेच वाट पाहणाऱ्या बाईच्या आवाजात. इकडे विजापूरच्या हाशमीनेही दख्खनीत बायकांच्या तोंडची गजल लिहिली. पण अफजल पुरुष, हाशमी पुरुष. बाईचे दुःख पुरुषाने लिहिले की त्यात शृंगार येतो, चांदणी रात्र येते, कोकिळा येते. वाण्याची उधारी येत नाही.

ती कुठे असते? ती जात्यावर असते. दख्खनच्या सुफींनी बायकांसाठी चक्कीनामे लिहिले, ते दळताना म्हटले जात. आणि मराठीत तर ओव्यांचा समुद्रच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅ यांनी महाराष्ट्राच्या गावागावांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या बाईला नवऱ्यापेक्षा भाऊ जास्त आठवतो, ही गोष्ट मला आधी चमत्कारिक वाटली होती. नंतर वाटले, सासरी नवऱ्याची आठवण मोठ्याने काढायची सोय कुठे होती? भावाच्या नावाने रडले तर कोणी काही म्हणत नसे.

खताचेही तेच. आपल्या मोहल्ल्यांत उर्दू शाळेच्या मास्तरांचे एक न नेमलेले काम असे, ते म्हणजे ज्यांना लिहिता येत नाही त्या बायकांची खते लिहून देणे. १९७० नंतर आखातात माणसे जाऊ लागली. कोकणातून फार, आपल्या मराठवाड्यातूनही काही गेली, आणि हे काम वाढले. जुने शिक्षक सांगतात की बाई पडद्यामागून किंवा दाराआडून मजकूर सांगे, आणि शेजारी सासू किंवा जेठ बसलेला असे. मग खत व्हायचे ते असे : आदाब, खैरियत, ड्राफ्ट मिळाला, छताचे काम अर्धे झाले, मुन्ना पास झाला, सर्व ठीक आहे. मास्तराला कळत असे की काहीतरी सांगायचे राहिले आहे, पण मास्तर ते कसे विचारणार? पुढे टेपरेकॉर्डर आले, कॅसेटमध्ये आवाज भरून पाठवायची रीत पडली. त्यातही घरातले सगळे एकामागून एक बोलत आणि बायकोची पाळी शेवटी, टेप संपत आल्यावर. दोन वर्षांनी दोन महिन्यांची सुट्टी हा त्या नोकऱ्यांचा साधारण रिवाज. तो माणूस सुट्टीवर आला की मुले त्याला पाहुण्यासारखी बुजत.

आपल्या जिल्ह्यात दुसरीही एक तऱ्हा आहे. ऊसतोडीला जाणाऱ्यांत उचल नवराबायको दोघांच्या जोडीला मिळते आणि त्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. इथे जोडपे तुटत नाही, कारण मुकादमाला जोडीच हवी असते. तुटतात ती पोरे आणि म्हातारी माणसे. दिवाळीनंतर आमच्याकडच्या शाळांच्या हजेरीपटावर जे गैरहजेरीचे शिक्के पडतात, ते त्याचेच.

आणि जालना नुसते माणसे पाठवत नाही, घेतेही. स्टीलच्या कारखान्यांत भट्टीवर आणि रोलिंगवर काम करणारे पुष्कळ मजूर बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेशातले असतात. तीनशे वर्षांपूर्वी उत्तरेची माणसे फौजेबरोबर दख्खनला येत, आता ठेकेदाराबरोबर येतात. २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली, भट्ट्या बंद पडल्या आणि ही माणसे खोल्यांत अडकली. घरी जायची तारीख कोणाला सांगता येत नव्हती. मध्य प्रदेशातल्या उमरिया आणि शहडोलकडच्या वीस मजुरांनी भुसावळहून गाडी मिळेल या आशेने ७ मे रोजी जालन्याहून रुळाच्या कडेने चालायला सुरुवात केली. पाससाठी अर्ज केला होता, उत्तर आले नाही, असे त्यांच्यातल्या वाचलेल्यांनी सांगितले. बदनापूर ओलांडून करमाडच्या अलीकडे ते थकून थांबले आणि गाड्या बंद आहेत अशा समजुतीने काही जण रुळांवरच झोपले. ८ मेच्या पहाटे सव्वापाचच्या सुमारास मालगाडी आली. सोळा जण गेले. रुळांवर पडलेल्या भाकऱ्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिले. आमच्या मोहल्ल्यात तेव्हा रमजानचे रोजे चालू होते, सहरी होऊन थोडाच वेळ झाला होता.

त्या सोळा जणांना गावी न्यायला मात्र रेल्वे मिळाली. त्यांचे मृतदेह विशेष गाडीने मध्य प्रदेशात पाठवण्यात आले.